बांध आणि आकाशगंगा

खजुरीच्या शिवारात तानाजी आणि रेवणसिद्धप्पांची रानं एकमेकांना लागून आहेत. मधल्या बांधाच्या अलीकडं, तानाजीच्या रानात, त्याचा बोअर आहे. पेरणीआधी रान बघायला आलेल्या अप्पांना बांध हातभर आपल्या रानात आलेला दिसला.

“तान्या, बांध कामून सरकवलास?”

“म्या न्हाई सरकवला, अप्पा.” तानाजीनं मोबाइल काढून दाखवला. “हे बघा, शास्त्रज्ञ सांगायलेत. सगळं विश्वच पसरायलंय. तारे, आकाशगंगा, समदं लांब लांब जायलंय. मग आपला बांध एका जागी कसा राहील?”

अप्पांनी मोबाइल बघितला, वर आभाळाकडं बघितलं. “व्हय का?” म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजी मोटार चालू करायला आला, तर ती आधीच चालू होती. ताज्या मातीचा बांध त्याच्या रानात बराच आत आला होता. बोअर आता अप्पांच्या बाजूला होता आणि अप्पा त्याच्या पाण्यानं निवांत तोंड धूत होते.

“अप्पा, हे काय हो!”

“खरंच पसरायलंय की रे,” अप्पा उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले. “काल तू सांगितलास तवा मला पटलंच न्हवतं.”