चालू द्या मला

मोटारसायकल फटफटत मागं येऊन थांबली, तशी हरणाबाईनं कपाळावर हात मारला. आटपाडीच्या रस्त्यानं चालणं म्हणजे जणू गुन्हाच झाला होता. मघाशी दूधवाल्यानं टेम्पो थांबवला, आता हा शेजारचा बिराप्पा.

"काकी, बसा. उन्हाचं कुठं निघालाय?"

"चालाय निघालीया. तू जा गप."

"आवं, असं कसं?" म्हणत त्यानं तिच्या खांद्यावरची बाजरीची पिशवी ओढून टाकीवर घेतलीसुद्धा.

"आण ती हिकडं! हाडांच्या गोळ्या बंद केल्यात डाक्टरांनी. म्हणाले, गोळ्यांनी हाडं भरली, आता ती तुमीच राखायची. चालायचं, झेपंल तेवढं वझं घ्यायचं. बसून ऱ्हायलं तर भरल्यालं परत झिजतंय. मनगट मोडलं तवा काय हाल झालं, इसरलास व्हय?"

"ते खरं. पर लोक वहिनीला काय म्हणतील?"

हेच! सून उत्कर्षा लाखात एक, पण सासूच्या हातात कळशी दिसली की धावत येऊन काढून घ्यायची. "आत्ती, गावात माझं नाव घालवू नका." मेंढरांमागं माळ तुडवून जन्म काढलेल्या बाईला सगळ्यांनी मिळून खुर्चीत बसवलं होतं. कीर्तनातसुद्धा! बुवा उभे, टाळकरी उभे, आणि ही एकटी खुर्चीत. ऐन गजरात तिला देवापुढं तोंड लपवावंसं वाटायचं.

तिनं पिशवी हिसकावून घेतली. समोर बिरदेवाचं देऊळ होतं. तिनं चपला काढल्या, हात जोडले आणि देवळाभोवती चालायला लागली.

"काकी, आता ह्ये काय?" बिराप्पा मागं धावला.

"नवस हाय."

"कसला?"

"हाडांचा. मधी कुणी हात लावला तर फुकट जाईल."

पिशवीकडं गेलेला हात बिराप्पानं चटकन मागं घेतला. हरणाबाई देवासमोरून जाताना पुटपुटली, "देवा, खोटं न्हाई बोलले. हाडं तुझीच हाईत."

उन्हं चढली. लिंबाच्या सावलीत बिराप्पा फोनवर सांगत होता, "वहिनी, काळजी करू नका. काकी देवळात हाईत. नवस फिटला की मीच गाडीवरनं आणून सोडतो."

हरणाबाईनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढची फेरी धरली.