चार बोल्ट

गाडीपुढे लोखंडी बार लावायला कायद्याने बंदी होती, पण मेकॅनिकने त्यावर तोड काढली होती. तपासणी आली की चार बोल्ट काढायचे, गाडी पास झाली की पुन्हा आवळायचे.

आज सकाळीच एक जुनं गिऱ्हाईक धापा टाकत आलं. "उद्या तपासणी आहे, काढ पटकन."

बारवर रक्त होतं.

"कुत्रं आडवं आलं," गिऱ्हाईक नजर चुकवत म्हणालं.

गिऱ्हाइकाच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, हा मेकॅनिकचा शिरस्ता. त्याने बार काढला, घासून धुतला, माळ्यावर टाकला. गाडी निघून गेली.

तो हात पुसतोय तोच बायकोचा फोन आला. "अहो, फिरायला गेलेल्या बाबांना गाडीने उडवलं हो! जागीच गेले!"

"आणि गाडीवाला?"

"पळाला मेला. पण पोलीस म्हणाले, सापडेलच. पुढे लोखंडी बार असलेली गाडी तेवढी शोधायची."