पिवळं कापड

गेल्या वर्षी जिवलग मैत्रीण गाव सोडून गेली, तेव्हा शिंपीणबाईंची लेक आठ दिवस ढसाढसा रडली. नवव्या दिवशी तिने आईच्या मशीनवरचं पिवळं कापड ओढलं आणि "गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात, याचा शर्ट मला हवा" म्हणून कडाकडा भांडली. आईने मनात म्हटलं, सावरली पोर.

यंदा तसं काहीच घडलं नव्हतं. परीक्षाही बरी गेली होती. तरी दोन महिने झाले, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. रडणं नाही की भांडणं नाही. जेवायला बोलावलं तर "नको," फिरायला म्हटलं तर "तू जा."

"वयच असतं तसं," शेजारीण म्हणाली. आईला ते पटवून घ्यायचं होतं. तिने तसंच पिवळं कापड विकत आणलं आणि लेकीपुढे पसरलं. आज तरी भांडेल, या आशेने ती वाट बघत राहिली.

लेकीने कापडावरून हात फिरवला. "छान आहे गं. कुणाला तरी शिवून दे."

मशीन तशीच उघडी टाकून आई लेकीला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "काय हवंय बाळा तुला?"

"अहो, तिला आम्ही काही कमी..." आई घाईने म्हणाली. बाईंनी हातानेच तिला थांबवलं.

पोरगी हळूच म्हणाली,

"काहीतरी हवंसं वाटायला हवंय."