बोटीचा पत्ता

निहारनं बनवलेली मासळीच्या ऑर्डरींची वेबसाइट मी त्याच्याच लॅपटॉपवर परत चालू करायला बसले, तर डेटाबेस काही जोडला जाईना. शेवटी मुंबईला धाकट्या दिराला, विनीतला, फोन लावला.

"भावजी, 'कनेक्शन रिफ्युज्ड' म्हणतोय."

"मग घाबरू नको, वैनी. 'नाही' म्हणायला तरी तिकडं कोणतरी जागं आहे. फक्त दार उघडत नाय. डेटाबेस बंद असेल, तो चालू कर."

चालू केला आणि साइट उघडली. पण 'आज बोटीवर काय मिळालं' हा रकाना रिकामाच राहिला. बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग तिथं आलं, 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

"हे वेगळं. म्हणजे हा हाका मारतोय, पण पलीकडं कोणच नाय. पत्ता कुठला टाकलाय बघ."

मी आकडे वाचून दाखवले. त्यानं ते परत एकदा वाचायला लावले.

"वैनी, तो दादाच्या बोटीवरच्या कॉम्प्युटरचा पत्ता. पुसून टाक तो."

बोट पूर्णगडसमोर बुडाली, त्याला वर्ष होत आलं. निहार सापडला नाही, म्हणून मी अजून कुंकूही पुसलेलं नाही.

"पुसलास ना, वैनी?"

पुसण्याआधी मी एकदाच, शेवटचं, जोडून बघितलं. या वेळी उत्तर लगेच आलं.

 

'कनेक्शन रिफ्युज्ड.'