तोंड धुण्यापुरतं पाणी

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. युसूफ वडगाव या गावात दूध सोसायटीच्या हौदावर दोन दिवसांआड टँकर यायचा आणि घरटी चार हंडे पाणी मिळायचं. त्यातच सतरा वर्षांच्या उज्वलाच्या गालांवर मुरमं उठली. केजच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, "फोडायची नाहीत, मलम लावायचं आणि दोन वेळा साध्या पाण्यानं तोंड धुवायचं." म्हणून हंडा भरला की उज्वला तिथंच ओंजळभर पाणी तोंडावर मारून घ्यायची.

त्या दिवशी रांगेत मागं उभ्या असलेल्या भिवराबाईचा नंबर यायच्या आधीच पाणी संपलं.

"आमच्या घशाला कोरड पडलीय आन ही थोबाड धुतीय," म्हणत भिवराबाईनं हातातली रिकामी कळशी उज्वलाच्या कपाळावर हाणली. रक्ताची धार डोळ्यात उतरली. उज्वलाची आई मंजुळाबाई धावत आली, भिवराबाईच्या झिंज्या धरून तिनं तिला हौदाच्या कठड्यावर आपटलं. भिवराबाईचा दात पडला. बायकांनी दोघींना ओढून बाजूला केलं. उज्वलाला सात टाके पडले.

चौथ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं भिवराबाई त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. मंजुळाबाईनं कोपऱ्यातलं खुरपं उचललं. उज्वलानं कसंबसं आईचं मनगट धरलं.

भिवराबाईनं पाठीमागं लपलेल्या आपल्या लेकीला पुढं ओढलं आणि तिच्या चेहऱ्यावरची ओढणी काढली. "हिलाबी मुरमं आलीत. घासू घासू तोंडाची पार सालटं काढलीत हिनं. त्या डॉक्टरीणबाईनं तुला काय सांगितलंय, तेवढं हिला सांग, माय."