पॉलिशची डबी

डॉक्टरांचं बोलणं रुग्णाच्या घरच्यांच्या डोक्यावरून का जातं, हाच तिच्या पीएचडीचा विषय. "अजून बोलायला शिकतेयस? पाळण्यापासून बडबडतेस की!" आई चिडवायची. आज मात्र डॉक्टरांशी बोलून आल्यापासून ती दवाखान्याच्या पॅसेजमध्ये येरझारा घालत होती. आई बाकावर बसून बाबांच्या बुटांना पॉलिश करत होती. उद्या त्यांना घरी न्यायचं म्हणून. एक बूट चकचकीत झाला होता. "अगं, पायाला भिंगरी लागलीय का? काय म्हणाले डॉक्टर?" ती शेजारी टेकली. अवघड शब्द गाळत, अडखळत तिने सांगितलं: बाबांचं हृदय थकलंय, औषधं लागू पडत नाहीत, यापुढे फक्त त्रास कमी करायचा. आणि संशोधनातल्या मुलाखतींच्या सवयीने बोलून गेली, "काय समजलं ते आता तुझ्या शब्दांत सांग बरं." लगेच तिने जीभ चावली. आईने पॉलिशच्या डबीला झाकण लावलं. दुसरा बूट मळकाच राहिला.