सातव्या प्रकरणाचा पुरावा

"अजून दोन आली," विद्याधरने पत्रं टेबलावर टाकली. "दोन्ही बकुळच्या नावाने."

इंदुमतीने ओले हात पदराला पुसले आणि पहिलं पाकीट टराटरा फाडलं. बकुळ तिची धाकटी बहीण, चार वर्षांनी लहान. नवऱ्याच्या बदल्यांपायी तिचा पत्ता कधी ठरलेला नसे. म्हणून आपल्या आठवणींच्या पुस्तकामागे तिने झाशीचा, थोरल्या बहिणीचा पत्ता छापला होता. पुस्तक निघून दोन महिने झाले, आणि पोस्टमनने नवराबायकोचा पिच्छा काही सोडला नव्हता.

पत्र साताऱ्याच्या कुणा बाईंचं होतं. सातवं प्रकरण वाचून त्यांच्या डोळ्यांचं पाणी दोन दिवस खळलं नव्हतं म्हणे.

"रडा!" इंदुमती कडाडली. "खोट्या गोष्टीवर रडायला काय जातंय यांचं!"

सातव्या प्रकरणात बकुळने लिहिलं होतं की, आपण या घरात जन्मलोच नाही. वडील, मार्तंडराव गार्ड, यांना झाशीच्या फलाटावर एक टाकलेलं पोर सापडलं. इंजिनाची शिट्टी झाली की ते किंचाळायचं. त्यांनी ते घोंगडीत गुंडाळून घरी आणलं, आणि ते पोर म्हणजे मी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंदुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. झाशीत मराठी घरं ती किती! आठवड्याच्या आत सगळीकडे झालं. हळदीकुंकवाला राधाबाई चारचौघींत म्हणाल्या, "बकुळ तुमची सख्खी नाही म्हणे? पण तुमच्या आईनं कधी कळू नाही दिलं हं, मान गए!"

आईचं नाव असं कुणाच्याही तोंडी यावं, हे तिला सोसवेना. आई गेली तेव्हा दोघी बहिणी उशाशी होत्या. आईने दोघींचे हात एकमेकींत दिले आणि म्हणाली, "हिला सांभाळ गं." इंदुमती थोरली. ते आपल्यालाच सांगितलं, यात तिला कधी शंका आली नव्हती.

दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती छाप, असं तिने बकुळला खडसावून लिहिलं होतं. उत्तर आलं चार ओळींचं. 'ताई, जाऊ दे ना. लिहिलंय ते माझ्यावरच राहू दे. तू मात्र पुरावे शोधत हिंडू नकोस, तुला माझी शपथ आहे.'

"शपथ घालते! एवढीशी होती तेव्हा हिचं नाक मी पुसलंय!"

दुसरं पाकीट एरचहून आलं होतं, अनंतराव नावाच्या म्हाताऱ्या गार्डचं. 'पोर सापडलं हे खरं. त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. पण बाई, तुमच्या सालात काहीतरी गफलत दिसते.'

"म्हणजे पोर सापडलं होतं तर," विद्याधर म्हणाला.

"सापडलं असेल कुणाचं तरी. दिलं असेल बाबांनी अनाथाश्रमात. हिने ती ऐकीव गोष्ट उचलली आणि स्वतःला चिकटवली, झालं. लेखिका ना! अहो, रेल्वेच्या दवाखान्याच्या पायरीवर मी बसले होते. आत आई ओरडत होती. मग सुईणीने दुपट्यातली बकुळ बाहेर आणून मला दाखवली. चार वर्षांची होते, पण लख्ख आठवतंय."

"आठवणीला कोण विचारतो? पुरावा हवा."

"आणते पुरावा. ती सुईण, जानकीबाई, बबीन्याला लेकाकडे आहे. जिवंत आहे, मी चौकशी केलीय."

दुसऱ्या दिवशी दहाच्या पॅसेंजरसाठी दोघं फलाटावर उभी राहिली. शेजारच्या इंजिनाने शिट्टी फुंकली तशी इंदुमतीने दोन्ही कानांवर हात दाबले.

विद्याधर हसला. "गार्डची लेक ना तू? जन्म रुळांशेजारी गेला, तरी खोड जात नाही."

"तुम्ही पानं घ्या सुईणबाईंसाठी. आणि परत या लवकर."

बबीन्यात जानकीबाईंचा लेक मारुती कापडाचं दुकान चालवत होता. मागच्या खोलीत त्याच्या बायकोने सासूच्या कानाशी तोंड नेलं. "अम्माजी, झाँसी से आई हैं. गार्डसाहब की बिटिया."

जानकीबाईंना आता दिसत नव्हतं, पण डोकं शाबूत होतं. "मार्तंडराव? उंच, घारे? त्यांच्या बायकोनं दीड दिवस कळा काढल्या. सगळा दवाखाना जागा ठेवला होता बाईनं."

"मुलगीच झाली ना?" इंदुमती पुढे सरकली.

"मला विचारू नकोस. माझ्या हाताखालच्या एकूणएक बाळंतिणी लिहून ठेवल्यात मी. तारीख, वजन, कितवी खेप, सगळं. ट्रंकेत चोवीस सालची वही असेल. सूनबाई, काढ गं."

वहीची पानं पिवळी पडली होती, अक्षर मात्र ठळक होतं. इंदुमतीचं बोट तारखांवरून उतरत गेलं आणि थांबलं. बकुळचा वाढदिवस!

"'मार्तंडराव गार्ड यांची पत्नी. मुलगी. साडेसहा पौंड.'" तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. "बघा हो! पोटचीच आहे माझी बकुळ! आता बोला म्हणावं राधाबाईंना. आणि त्या शहाणीला आजच तार करते. जानकीबाई, ही वही मी नेऊ?"

"ने की. पण ओळ तर पुरी वाच पोरी, शेवटाला खेप लिहिली असेल."

इंदुमतीने डोळे पुसले, चष्मा नीट बसवला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात उरलेला शब्द वाचला.

"पहिलटकरीण."